आपलं आपण

चाळिशीत जर्मनीला शिकायला आले. वर्गातला अभ्यास जमला; वर्गाबाहेरचा जास्त कस पाहणारा निघाला. नव्या घरात राहायला गेल्यावर 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी, मग बँक, आरोग्यविमा. प्रत्येक ठिकाणी स्वतःच बोलायचं. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच किराणा भरायचा. कागद, काच, ओला कचरा वेगवेगळा टाकायचा. पुण्यात अशी कितीतरी कामं नवरा, सासूबाई, कामाच्या मावशी परस्पर उरकत. त्या कष्टांचं मोल इथे उमगलं.

आता नेमकं काय हवंय ते ओळखून, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये का होईना, न लाजता विचारते. पदवी मिळेल तेव्हा मिळेल. ही हिंमत मात्र मी स्वतः कमावली आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो.