जामीन

धर्मगुरूची एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात बदली होते, तेव्हा त्याच्यासोबत सामान फारसे नसते. कपडे, पुस्तके, आईवडिलांची एखादी तसबीर, एवढेच. माझ्या सामानात याखेरीज एक जाडजूड फाईलही असते. माझ्या सहीने दिलेल्या शिफारसपत्रांच्या प्रती मी तिच्यात जपून ठेवतो. गेल्या आगमनकाळात ती आवरावयास घेतली आणि दुपारभर वाचीत बसलो.

बहुतेक पत्रे जाणाऱ्यांची होती. कुणी आखातात निघाला होता, कुणी कॅनडात, कुणी प्रवासी जहाजावर नोकरीस. सदर इसम माझ्या धर्मग्रामातील असून त्याचे वर्तन चांगले आहे, असे मी शेकडो वेळा लिहून दिले आहे. मात्र येथेच राहून स्वतःच्या हिमतीवर काही उभे करू पाहणाऱ्यासाठी लिहिलेले एकही पत्र त्या जुन्या गठ्ठ्यात नव्हते. असे पत्र मागावयास कुणी आलेच नव्हते, असे म्हणून मला सुटता आले असते. पण एक जण आला होता.

२०१४ च्या पावसाळ्यातील ती गोष्ट. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळे दाटीवाटीने उभे आहेत. त्यांतील एका गाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आठ वर्षे लेथवर काम करीत होता. आयटीआयचे शिक्षण, हाताला चांगली सफाई, आणि बोलणे अगदी मोजके. मालक थकले होते. लेथ आणि मिलिंग ही दोन जुनी यंत्रे आणि हाताशी असलेले तीन ग्राहक ते याच्या स्वाधीन करावयास तयार होते. कर्जासाठी दोन जामीनदार हवे होते. एक मिळाला होता, तो त्याचा मामा. दुसऱ्या जामीनदाराची जागा रिकामी असलेला अर्ज घेऊन तो माझ्याकडे आला.

“फादर, तुमची सही झाली तर काम होईल.”

मी त्याला बसवले, चहा दिला आणि समजावले की ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार धर्मगुरूला जामीन राहता येत नाही. मग वडीलकीच्या नात्याने दोन शब्द सांगितले. घरी आजारी वडील आहेत, धाकटी बहीण लग्नाची आहे, अशा वेळी कर्ज अंगावर घेणे शहाणपणाचे नाही. चांगली नोकरी मिळत असेल तर पाहा. त्याने वाद घातला नाही. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला, तो आखातातील नोकरीसाठी वर्तणुकीचा दाखला मागण्यासाठी. तो मी तत्काळ दिला. त्या पत्राची प्रत फाईलमध्ये आहे. यंत्रे भंगारात गेल्याचे पुढे कानावर आले. २०१७ मध्ये त्याचे वडील वारले. अंत्यविधीची मिस्सा मीच अर्पण केली. तो दुसऱ्या दिवशी पोहोचला. दफनभूमीत एकटाच उभा असलेला मी त्याला पाहिला. माझ्याशी तो आदराने बोलला. त्या आदरानेच मला अधिक बोचले.

वाचकहो, मी ज्या कायद्याचा आधार घेतला तो १९८३ च्या कॅनन संहितेतील २८५ वे कलम होय. ते खोटे सांगितले, असे नाही. परंतु अर्धेच सांगितले. आपल्या धर्माधिकाऱ्याशी विचारविनिमय केल्यावाचून धर्मगुरूने जामीन राहू नये, अगदी स्वतःच्या मालमत्तेवरही नाही, असे ते कलम आहे. म्हणजे विचारण्याचा मार्ग खुला होता. बिशपांकडे एक पत्र लिहिणे एवढेच माझ्या हाती होते. कदाचित त्यांनी नकार दिला असता, आणि तो योग्यही ठरला असता. पण मी विचारलेच नाही. नियमाच्या आडोशाला उभे राहणे सोयीचे होते, म्हणून मी तेथे उभा राहिलो.

याहून मोठे अज्ञान पुढे उघड झाले. लघुउद्योगांच्या कर्जास हमी देणारा एक न्यास केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० सालीच स्थापन केलेला आहे. तारण आणि त्रयस्थ जामीनदार यांवाचून दिलेल्या कर्जासाठी तो बँकेला हमी देतो. म्हणजे ज्या सहीसाठी तो मुलगा माझ्या दाराशी आला, तिच्यावाचूनही एखाद्या बँकेत त्याचे काम होण्याची शक्यता होती. त्याचा अर्ज त्या चौकटीत बसला असता किंवा नसताही. पण अशी चौकट आहे, हे त्याला ठाऊक नव्हते आणि सेमिनरीत तत्त्वज्ञान नि ईशज्ञान शिकून आलेल्या मलाही ठाऊक नव्हते. त्याला माझ्या सहीपेक्षा जाणत्या माणसाच्या सोबतीची गरज होती.

सेमिनरीत असताना आम्हांला ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण शिकवली जाई. पोप लिओ तेरावे यांचे १८९१ चे ‘रेरुम नोवारुम’ आणि त्याच्या शताब्दीनिमित्त पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ मध्ये काढलेले ‘चेन्तेसिमुस आन्नुस’ ही परिपत्रे आम्ही परीक्षेसाठी पाठ केली. भूमीप्रमाणेच माणसाचे ज्ञान, कल्पकता आणि पुढाकार हीदेखील संपत्ती आहे, असा या दुसऱ्या परिपत्रातील विचार मी उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळवले होते. लेथवाल्या तरुणासमोर मात्र त्यातले काहीच मला आठवले नाही.

वडिलांच्या दफनानंतरच्या दिवसांत एका बास्क धर्मगुरूचे चरित्र माझ्या वाचनात आले. होसे मारिया आरिस्मेंदिआरिएता. लहानपणी अपघातात एक डोळा गमावलेला हा माणूस स्पेनमधील यादवी युद्धात तुरुंगात पडला आणि मृत्युदंडातून थोडक्यात वाचला. १९४१ मध्ये मोंद्रागोन या गावी साहाय्यक धर्मगुरू म्हणून त्याची नेमणूक झाली. गाव युद्धाने खचलेले. तेथील मोठा कारखाना आपल्या प्रशिक्षण शाळेत केवळ स्वतःच्या कामगारांचीच मुले घेत असे. इतरांच्या मुलांनाही प्रवेश द्यावा, ही त्याची विनंती अमान्य झाली. तेव्हा गावकऱ्यांकडून पैसा, वस्तू, श्रम असे जे मिळेल ते गोळा करून त्याने १९४३ मध्ये वीसेक मुलांची तंत्रशाळा काढली. त्या शाळेतून पुढे आलेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये ‘उलगोर’ नावाचा स्टोव्ह बनवणारा कारखाना सुरू केला. भांडवल आले ते बरेचसे गावातील ओळखीच्या माणसांच्या विश्वासावर. १९५९ मध्ये या धर्मगुरूच्याच आग्रहाने ‘काहा लाबोराल’ ही सहकारी पेढी निघाली. आज त्या समूहात सुमारे सत्तर हजार माणसे काम करतात. या धर्मगुरूने त्यांतील एकाही संस्थेचे संचालकपद घेतले नाही. १९७६ मध्ये तो वारला तो साधा धर्मगुरू म्हणूनच. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने त्याला ‘वंदनीय’ घोषित करण्यात आले.

त्या पुस्तकातील एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. त्या पेढीने नव्या उद्योगांसाठी एक स्वतंत्र विभाग काढला होता. काही करू पाहणारा गट आला की त्याच्या सोबतीला विभागातील एक अनुभवी माणूस दिला जाई. बाजार आहे का, किंमत परवडेल का, यंत्र कोणते घ्यावे, याचा अभ्यास ते मिळून महिनोन्‌महिने करीत. धंदा सुरू झाल्यावरही तो माणूस सोबत राही. त्याला ते म्हणत ‘पाद्रिनो’, म्हणजे धर्मपिता! स्नानसंस्काराच्या वेळी बाळाला हातात धरून उभा राहणारा आपला धर्मपिता. तो बाळाचे आयुष्य जगत नाही; पण ते एकटे पडणार नाही, असे सर्वांसमक्ष वचन देतो.

मग वाटले, मोंद्रागोनपर्यंत जाण्याची गरज तरी काय? आपल्याच वसईत १९१८ साली मॉन्सिनॉर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने लावलेले सहकाराचे रोप आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेच्या रूपाने वाढलेले आहे. आपल्या आज्या-पणज्या पहाटेच्या गाडीने भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या मुंबईला नेत. त्यांना कुणी उद्योजक म्हटले नाही. पण भांडवल, जोखीम, बाजारभाव, उधारी हे सारे त्यांच्या कनवटीला बांधलेले असे. तो वारसा आपल्याकडे होता. माझ्यासारख्यांनी नोकरीच्या दाखल्यांखाली तो झाकून टाकला.

२०२१ मध्ये, टाळेबंदीने कित्येकांच्या नोकऱ्या गेल्यावर, आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात एक टेबल मांडले. रविवारी शेवटच्या मिस्सानंतर दोन तास. बसतात तीन जण: एक निवृत्त बँक अधिकारी, एक हिशेबतपासनीस आणि तीस वर्षे गाळा चालवलेले एक वृद्ध कारखानदार. मी चहाची व्यवस्था पाहतो आणि ऐकतो. सुरुवातीस एका ज्येष्ठ धर्मग्रामस्थाने मला सुनावले, “फादर, प्रभूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलले, तुम्ही त्यांना आत घेता?” मी म्हटले, “काका, या टेबलावर पैसा फिरत नाही. आपण एकदा येऊन बसा.” ते आले. आता तेही अधूनमधून येतात.

त्या टेबलाशी मी पुष्कळ शिकलो. उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि विनामूल्य होते, त्यासाठी दलालाला पैसे द्यावे लागत नाहीत. जिल्हा उद्योग केंद्र ही १९७८ पासून चालत आलेली व्यवस्था नेमकी अशा लोकांसाठीच आहे. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ख्रिस्ती समाज अल्पसंख्याक म्हणून विशेष गटात मोडत असे. आम्ही पहिले अर्ज भरले तेव्हा या गटाला प्रकल्पाच्या खर्चावर शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदानाची तरतूद होती आणि स्वतःचा वाटा केवळ ५ टक्के होता. हे सारे वर्षानुवर्षे कागदावर होते. कागद आणि माणूस यांच्यामध्ये एक खुर्ची रिकामी होती.

एक भगिनी सुकेळी करून विकीत असत. राजेळी केळी उन्हात वाळवायची, हाताने बांधायची, दुकानात नेऊन द्यायची. एवढे करूनही हाती काही उरत नाही, म्हणून त्या आल्या. बँक अधिकाऱ्यांनी त्यांचा खर्च एका कागदावर मांडला आणि विचारले, “बाई, यात तुमची मजुरी कुठे आहे?” त्या गोंधळल्या. म्हणाल्या, “माझी कसली मजुरी? मी घरचीच ना!” त्या दिवशी प्रथम त्यांनी आपल्या हातांची किंमत त्या कागदावर लिहिली. भाव वाढवला, दोन दुकाने सुटली, तीन टिकली. आज त्यांच्यासोबत शेजारच्या दोघी काम करतात आणि दोघींची मजुरी ठरलेली आहे.

सारेच असे घडते, असे सांगितले तर ते असत्य होईल. आमच्या सल्ल्याने मोबाईल दुरुस्तीचे दुकान काढलेल्या एका मुलाला ते चौदा महिन्यांत बंद करावे लागले. जागा आम्ही चुकीची सुचवली होती. शरमेने तो मिस्साला येईनासा झाला. तेव्हा आम्ही चौघे त्याच्या घरी गेलो. चूक आमचीही आहे, हे त्याच्या आईसमोर कबूल केले, आणि त्याच्या कर्जाचे हप्ते वाढवून घेण्यासाठी अधिकारी स्वतः त्याच्यासोबत बँकेत गेले. मोंद्रागोनमध्येही उलगोरची वारसदार असलेली घरगुती उपकरणांची कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या पुष्कळ कामगारांना इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतले. धंदा बुडू शकतो. माणूस बुडता कामा नये, एवढी काळजी समाजाला घेता येते.

पवित्र शास्त्रात जामिनाविषयी दोन सूर आहेत. नीतिसूत्रांचा ग्रंथ वारंवार बजावतो की दुसऱ्यासाठी जामीन राहणारा स्वतः अडकतो. बेन सिरा मात्र सांगतो की भला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो. आणि लगेच, आपली कुवत ओळखून राहा, असेही बजावतो. संत पौल फिलेमोनाला पत्र लिहिताना ओनेसिमाचे जे काही देणे असेल ते आपल्या खात्यावर मांडावयास सांगतो आणि ते फेडण्याचे वचन स्वतःच्या हाताने लिहून देतो. इब्री लोकांस पत्रात तर प्रभू येशूलाच श्रेष्ठ कराराचा जामीन म्हटले आहे. आपले सारे तारण एका जामिनावर उभे आहे. मग त्याच्या सेवकाने या शब्दाला एवढे घाबरावे का?

सावधगिरी सोडावी, असे मी म्हणत नाही. धर्मग्रामाचा पैसा गरिबांचा आहे आणि धर्मगुरूने उठसूट सह्या करू नयेत, हा नियम अनुभवातून आलेला आहे. पण नियमाचा कुठला भाग आपल्याला मोकळे करतो आणि कुठला बांधतो, हे दोन्ही वाचले पाहिजे.

गेल्या महिन्यात टेबलाशी एक तरुण आला. रिक्षा दुरुस्तीचे गॅरेज काढावयाचे आहे. आमच्या तिघा जाणत्यांनी कागद तपासले, दोनदा परत पाठवले, तिसऱ्यांदा मान्य केले. योजनेत न बसणारी थोडी रक्कम एका पतपेढीकडून घ्यावयाची आहे आणि तिला दोन जामीनदार हवेत. एक निवृत्त बँक अधिकारी झाले. दुसऱ्या जामीनदाराची जागा रिकामी असलेला अर्ज त्याने माझ्यापुढे ठेवला.

मी सही केली नाही. त्याच रात्री बिशपांना पत्र लिहिले: मुलगा कोण, रक्कम किती, माझ्या स्वतःच्या बचतीतून मला किती झेपेल, आणि कलम २८५ नुसार आपला विचार कळवावा. उत्तर अद्याप आलेले नाही. ते काय येईल, हे मला ठाऊक नाही. पत्राची प्रत त्या फाईलमध्ये लावली आहे. तिच्यामागचे पान २०१४ चे आहे.