आज मुक्काम कुठे?

दोस्तांनो, घर पाठीवर घेऊन फिरणारा प्राणी कोणता, असं विचारलं तर तुम्ही पटकन सांगाल, गोगलगाय! पण माणसंही असं फिरतं घर घेऊन प्रवासाला निघतात, बरं का. त्या गाडीला म्हणतात मोटरहोम. बाहेरून दिसायला छोट्या टेम्पोसारखी. आत मात्र शेगडी, भांडी घासायची बेसिन, चार जणांची झोपायची सोय, इवलंसं न्हाणीघर आणि संडास, सगळं बसवलेलं. इटलीत या गाडीला 'काम्पेर' म्हणतात.

"काय मज्जा!" असं म्हणालात ना? मज्जा आहेच. पण या घराला अंगण नसतं. त्यामुळे रोज दुपार कलली की एकच प्रश्न समोर उभा राहतो : आज मुक्काम कुठे?

आम्हाला हा प्रश्न २०२४ च्या मे महिन्यात रोज पडला. माझी ताई म्युनिकला राहते. ती, दाजी, माझा चौदा वर्षांचा भाचा, मी आणि माझी आई, असे आम्ही इटलीला निघालो होतो. आईचं वय ब्याऐंशी. तिचे सख्खे काका मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळहून ते दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथंच राहिले. आई तेव्हा तीन वर्षांची. काकांचा चेहरा तिला आठवत नाही. पण आजीनं मरेपर्यंत एकच गोष्ट लावून धरली होती, "आपलं कुणीतरी तिथं जाऊन या गं!"

आता आईच्या गुडघ्यांना जिने चालत नाहीत आणि रोज नवं हॉटेल, नवी खोली, परकं जेवण तिला सोसणारं नव्हतं. म्हणून ठरलं, घरच बरोबर न्यायचं. आईनं ज्वारीचं पीठ आणि लसणाची चटणी बांधून घेतली आणि आम्ही निघालो.

मुक्काम शोधायचं खातं भाच्याकडे होतं. मोबाइलवर अशा जागा दाखवणारे नकाशे असतात. पण नकाशावर खूण दिसली म्हणजे जागा चांगली, असं नाही. त्यानं वहीत प्रश्नच लिहून काढले होते. पाणी भरता येईल का? जमीन सपाट आहे का? आमची सात मीटर लांबीची गाडी वळेल का? आणि सगळ्यात शेवटी, लाल शाईनं : आजीला किती चालावं लागेल?

तुम्हाला वाटेल, एवढा काय तो विचार! दिसली मोकळी जागा की लावायची गाडी. तसं नसतं. इटलीच्या रहदारी कायद्यात एक गमतीदार भेद आहे. काम्पेर फक्त आपल्या चाकांवर उभी असेल, तिच्यातून सांडपाणी बाहेर पडत नसेल आणि स्वतःच्या आकारापेक्षा जास्त जागा ती अडवत नसेल, तर ती 'पार्क' केलेली गाडी. पण छत्री उघडली, खुर्च्या मांडल्या, टेकू लावले, की झाला तो 'तळ'! आणि तळ वाटेल तिथं ठोकता येत नाही. शिवाय बऱ्याच जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना मनाई असते. वेशीवर कॅमेरे बसवलेले असतात. चुकून शिरलात तर दंडाची चिठ्ठी थेट घरी!

म्हणून तिथल्या अनेक गावांनी 'आरेआ दी सोस्ता' म्हणजे थांब्याच्या जागा केल्या आहेत. काही फुकट, काही थोडे पैसे घेणाऱ्या. बऱ्याच ठिकाणी नळ असतो आणि संडासाची टाकी रिकामी करायची वेगळी जागाही असते. (हे काम दाजींचं. त्या वेळी आम्ही सगळे अचानक फार कामात असायचो!) काही शेतकरीही आपल्या शेतात गाड्यांना जागा देतात. महामार्गाकडेच्या पेट्रोलपंपावर मात्र रात्री थांबायचं नाही, असं ताईनं आधीच बजावलं होतं. तिथं चोरीची भीती.

आम्ही इतिहासाच्या क्रमानं जायचं ठरवलं. पहिलं ठिकाण कासिनो. रोमच्या दक्षिणेला सुमारे १३० किलोमीटरवर हे गाव आहे आणि वर डोंगरावर मोठा मठ. १९४४ च्या जानेवारी ते मे या काळात इथं चार लढाया झाल्या. १५ फेब्रुवारीला दोस्तांच्या विमानांनी मठ बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केला. आज दिसतो तो पुन्हा बांधलेला. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये भारताची चौथी डिव्हिजन याच डोंगरावर झुंजली. मे महिन्यात आईच्या काकांची आठवी डिव्हिजन खालची गारी नदी ओलांडून गेली. त्या लढाईत राजस्थानच्या कमल रामला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. तुमच्या मोठ्या दादाएवढा!

मठाचा रस्ता नागमोडी, वळणावळणाचा. आम्ही मुक्काम खालीच केला. युद्धस्मशानाच्या दाराशी गाडी लावायला जागा दिसत होती, पण तिथं रात्र काढायची नाही, हे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. जिथं लोक डोळे पुसत बाहेर येतात, तिथं आपण टॉवेल वाळत घालायचे? छे!

या स्मशानातल्या स्मारकावर चार हजारांहून अधिक नावं आहेत. ज्यांना कबर मिळाली नाही, त्यांची ही नावं. त्यांतच एक आहे नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा वीर. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीतले बाकीचे सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले. तो एकटा पुढे धावला. ग्रेनेड टाकून त्यानं मशिनगन बंद पाडली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या, तेव्हा बंदूक उलटी धरून लढला. मग लपलेल्या बंदूकधाऱ्यानं त्याला टिपलं. वय वर्षं बावीस. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पुढचा मुक्काम त्याच खोऱ्यात, मोंतोने गावाजवळ. टेकडीवरचं तटबंदीचं जुनं गाव, अरुंद गल्ल्या. गाडी तटाबाहेर ठेवून आम्ही आईला हळूहळू वर नेलं. २०२३ च्या जुलैमध्ये इथं यशवंत घाडगेच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं आहे. त्याचं ब्रीद लॅटिन भाषेत आहे. अर्थ असा : आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. भाच्यानं तो आईला सांगितला. ती म्हणाली, "माणगावात ऊन जरा जास्तच आहे हो!" आणि मग बराच वेळ गप्प बसली.

तिथून मोठ्या रस्त्यानं डोंगर ओलांडून आम्ही फोर्लीकडे निघालो. जवळच सेनियो नदी आहे. नदी कसली, आपल्याकडच्या ओढ्यापेक्षा थोडी मोठी. पण दोन्ही काठांना मातीचे उंच बांध, आणि तेव्हा त्या बांधांत जर्मन मशिनगना दडलेल्या होत्या. ९ एप्रिल १९४५ ला इथं अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या नामदेव जाधवनं दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांमधून एकेक करून मागे आणलं. मग परत जाऊन मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावानं गर्जना केली. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो जगला, घरी परतला. आईचे काका त्याच पलटणीतले, त्याच नदीवरचे. ते परतले नाहीत. इटलीतलं युद्ध २ मे १९४५ ला थांबलं. म्हणजे महिनासुद्धा उरला नव्हता हो!

त्या रात्री आम्ही एका शेतात थांबलो. शेजारी पीचची झाडं, लांब कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. आईनं भाकऱ्या थापल्या. भाच्यानं विचारलं, "आजी, तुझे काका कुठं झोपत असतील गं?" आई म्हणाली, "चिखलात, बाळा. त्यांना कोण विचारणार, पाणी आहे का, जागा सपाट आहे का?" भाचा काही बोलला नाही. लाल शाईचं पेन उगाच उघडत मिटत राहिला.

सकाळी फोर्लीच्या भारतीय युद्धस्मशानात गेलो. ज्या भारतीय सैनिकांना आपल्या धर्माच्या रीतीप्रमाणे अग्नी दिला गेला, अशा जवळजवळ आठशे जणांचं स्मारक इथं आहे. नाव इंग्रजीत होतं, त्यामुळे भाच्यानं आईचं बोट धरून ते अक्षराअक्षरावरून फिरवलं. स्पेलिंग जरा वेगळंच होतं. पण तेच नाव, तीच पलटण. आई रडली नाही. तिनं पिशवीतून आजोळच्या शेतातली मूठभर ज्वारी काढली आणि दगडाच्या पायाशी ठेवली. "आईनं पाठवलंय," एवढंच म्हणाली.

दोस्तांनो, इटलीत लढलेल्या भारतीय सैनिकांपैकी ५,७८२ जण परत आले नाहीत. त्यांची नावं चाळीस युद्धस्मशानांत विखुरलेली आहेत. तुमच्या गावातलाही कुणी त्यांत असेल. माळ्यावरच्या पेटीत एखादं पदक, एखादा पिवळा कागद असेल. पणजोबांची कुणीतरी सांगितलेली अर्धीमुर्धी गोष्ट असेल. येत्या सुट्टीत विचारा घरात. नाव, गाव, पलटण, एवढं वहीत लिहून ठेवा. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी आता कुणालाही मोबाइलवर शोधता येतात. एका स्पेलिंगनं नाव नाही मिळालं तर दुसऱ्यानं शोधा, तिसऱ्यानं शोधा.

आणि हे उद्यावर ढकलू नका. ज्या आजीला त्या नावाची गोष्ट माहीत आहे, तिचं वय विचारा म्हणजे घाई कशाला ते कळेल.