कपाटातला कागद

पासवर्ड कागदावर लिहून ठेवणाऱ्यांना मी बरीच वर्षं अडाणी समजत आलो. नोकरीत संगणक विभाग सांभाळायचो तेव्हा कुणाच्या मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी दिसली की ती फाडून टाकणं मला पुण्यकर्म वाटायचं. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवंच. घरच्या कॉम्प्युटरलाही मी हाच कायदा लावला होता. बायको, लेक, आई, कुणाचीच सुटका नव्हती.

आता घरातले महत्त्वाचे पासवर्ड एका कागदावर आहेत, तो कागद कपाटाच्या लॉकरमध्ये आहे आणि अक्षर माझं आहे.

त्या कायद्याचं मूळ बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या ‘एनआयएसटी’ या सरकारी मानक संस्थेच्या २००३च्या एका मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेने सल्ला फिरवला. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी वाढवा, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो नाही ना ते बघा. कारण उघड आहे. सक्ती केली की माणूस ‘मोरया@१’चा ‘मोरया@२’ करतो आणि नियम पाळल्याचं समाधान मिळवतो. आमच्याकडे तेच चाललं होतं.

हे सगळं मी वाचलं, मान डोलावली आणि घरात काहीही बदललं नाही. ज्या नियमाच्या जोरावर रुबाब केला तो इतक्या सहज सुटत नाही. आईला मात्र रुबाबाचं काही नव्हतं. पासवर्ड बदलायची पाळी पुन्हा आली तेव्हा ती वैतागून म्हणाली, “अरे, पण आपल्या घरात चोर कोण आहे?”

उत्तर द्यायला गेलो आणि माझीच पंचाईत झाली. इंटरनेटवरून फुटलेले पासवर्ड लावून बघणाऱ्याला आमचं कपाट दिसत नाही. लॅपटॉपच उचलून नेणाऱ्याला लॉगिनच्या पासवर्डाशी फारसं देणंघेणं नसतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, की फोटोंपासून आयकर विवरणपत्रांपर्यंत सगळं उघडं. ऑफिसात दिवसभर परक्या माणसांची ये-जा असते, तिथे चिठ्ठी फाडणं बरोबरच होतं आणि आजही फाडेन. घरात आम्ही चौघं.

खरी ढिलाई वेगळ्याच ठिकाणी होती. विंडोज एक्सपीच्या काळात मशीन लावताना जी नावं भरली जात ती सगळी ॲडमिनिस्ट्रेटर होत, तीही पासवर्डाशिवाय. सवय तिथली. पुढच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर मी सगळ्यांना ॲडमिन करत आलो, नाहीतर लेकीचा गेम बसत नाही म्हणून. पासवर्डाच्या चिन्हांवरून भांडणारा मी, आणि कुठलाही प्रोग्रॅम सगळ्या मशीनवर हात फिरवू शकेल अशी सोय मीच करून ठेवलेली! आता ॲडमिनचं खातं एकच, ते रोज कुणी वापरत नाही. बाकी सगळी साधी खाती, माझंही. बायकोला आधी हे एका घरात वेगळ्या चुली मांडल्यासारखं वाटलं. पण तिच्या फायलींच्या गर्दीत माझी बिलं येईनाशी झाली तशी तक्रार थांबली. एक मात्र खरं, साध्या खात्यातूनही एखादा खंडणीखोर प्रोग्रॅम त्या खात्यातले फोटो कुलूपबंद करू शकतो. त्याला उपाय एकच, बॅकअप. तो वेगळ्या डिस्कवर घेऊन वायर काढून ठेवायची.

आईला पिन दिला. चार आकडी पिनला मी पूर्वी हसायचो. पण तो त्या एका मशीनपुरताच असतो आणि बरेच चुकीचे प्रयत्न झाले की अडवतो. ऑनलाइन खात्याचा पासवर्ड फुटला तर जगात कुठूनही मेल उघडते, पिनचं तसं नाही.

कागदाबद्दल उरलीसुरली शंका नव्या लॅपटॉपने संपवली. त्याची डिस्क एन्क्रिप्ट होते आणि काही बिघडलं तर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती ऑनलाइन खात्यात साठवलेली असते. पण त्या खात्याचाच पासवर्ड आठवत नसेल तर काय? मी छापून ठेवली. माझ्यामागे बायकोला हे उघडावं लागलं तर तिला माझी स्मरणशक्ती उपयोगी पडणार नाही.

लेकीला हे पटलेलं नाही. तिचा पासवर्ड कागदावर नाही आणि मी तो मागितलेलाही नाही. तिचं खातं लोकल आहे, त्यामुळे ॲडमिन म्हणून तो मी बदलू शकतो. पण तसं केलं तर विंडोजने जपून ठेवलेले तिचे बाकीचे पासवर्ड हाताबाहेर जाऊ शकतात, हे तिला ठाऊक आहे. नवा गेम टाकायचा असला की मात्र ‘बाबा, जरा येता का?’ म्हणावं लागतं.