चौथा पाय कुठे आहे?

नवी खुर्ची बघायला पहिल्या आठवड्यात अकरा माणसं आली. त्यातल्या नऊ जणांनी बसण्याआधी एकच प्रश्न विचारला, "चौथा पाय कुठे आहे?" दहाव्या बाईंनी विचारलं नाही, कारण त्यांना वाटलं खुर्ची अर्धवट आहे. अकरावे एक आर्किटेक्ट मित्र. ते दोनदा खुर्चीभोवती फिरले आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे." वीस वर्षं लाकडात काम केल्यावर मला एवढं कळतं की या शब्दाचा अर्थ 'मी हिच्यावर बसणार नाही' असा होतो. आणि ते बसलेही नाहीत.

ही खुर्ची मांडी घालून बसण्यासाठी आहे. आपल्या घरांत खुर्ची तशी उशिरा आली. शब्दसुद्धा अरबी 'कुर्सी'वरून फारसीमार्गे आलेला. त्याआधी पाट, चौरंग, बैठक, फार तर झोपाळा. आणि खुर्ची आली तरी बसणारं शरीर जुनंच राहिलं. कुठल्याही घरात जेवण झाल्यावर बघा. दहा मिनिटांत कुणीतरी एक पाय वर घेतं, मग दुसरा, आणि सतरा इंच उंच, अठरा इंच रुंद खुर्चीत गुडघे हातांना घासत माणूस मांडी घालायला धडपडतो. म्हणून मी बैठक सव्वीस इंच रुंद केली आणि उंची चौदावर आणली. मांडीत गुडघे पुढे दोन्ही बाजूंना पसरतात, तिथं वजन येतं, म्हणून पुढे दोन पाय. मागे पाठीखाली एक. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून आणलेलं, पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान, खिळ्यांच्या काळ्या डागांसकट.

तीन पाय ही काही माझी हौस नव्हती. तीन टेकू कुठल्याही जमिनीवर टेकतातच. चौथा आला की डुगडुग सुरू होते आणि आपण कागदाची घडी शोधायला लागतो. खळ्यावर उपणणीला तिवईवर उभं राहायचे ते याच हिशेबानं. खळ्याच्या जमिनीवर चार पायांचं स्टूल कुणी नेलं नसतं. जुन्या शहाबादी फरशीच्या घरात माझ्या खुर्चीला कागद लागत नाही, हा माझा अभिमानाचा मुद्दा होता. तो अभिमान किती टिकला ते पुढे येईलच.

वेगळ्या धाटणीचं फर्निचर करणाऱ्याला अभिप्राय भरपूर मिळतो. तुटवडा असतो तो उपयोगी अभिप्रायाचा. लोक अडचण सांगत नाहीत, थेट उपाय सांगतात. 'चौथा पाय लावा' हा उपाय झाला. त्यामागची अडचण मात्र नऊ जणांची नऊ प्रकारची असू शकते. एकाला पडायची भीती, एकाला चारचौघांत हसं होण्याची, एकाला फक्त सवय नाही. (एका गिऱ्हाइकानं तर एक पाय कमी म्हणून भाव कमी करा असंही सांगून पाहिलं. त्यातला तर्क मला आजही खोडता आलेला नाही.) सगळ्यांचं ऐकून मी लगेच चौथा पाय ठोकला असता, तर त्यातलं खरं दुखणं कोणतं ते कधीच कळलं नसतं.

मग मी एक साधी गोष्ट केली. खुर्चीवर जमिनीपर्यंत लोळणारी चादर टाकली, शेजारी चहाचा ट्रे ठेवला आणि येणाऱ्याला नुसतं "बसा" म्हटलं. कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या दोन आठवड्यांत जेवढे आले तेवढे बसले. पायांबद्दल एकानंही विचारलं नाही. बहुतेकांनी पाचव्या मिनिटाला चपला काढून मांडी घातली. म्हणजे नऊ जणांची ती तक्रार डोळ्यांची होती.

पण चादरीखालूनही दोन तक्रारी वर आल्या, आणि त्या तोंडानं कुणी केल्या नाहीत. पहिली तक्रार होती उठतानाची. पन्नाशीच्या पुढचं प्रत्येक माणूस उठायच्या आधी अर्धा क्षण थांबायचं आणि त्याचा तळहात बाजूला हवेत काहीतरी चाचपायचा. तिथं काहीच नव्हतं. खुर्चीला हात नसले म्हणजे मांडीला अडथळा नाही असं मी कागदावर ठरवलं होतं. चौदा इंचांवरून गुडघ्यांच्या जोरावर उठणं साठीच्या माणसाला काय पडतं, हे त्या चाचपणाऱ्या हातांनी सांगितलं. 'कशी वाटली?' असं विचारलं असतं तर सगळे 'छान' म्हणाले असते. आता मी 'उठून दाखवा' म्हणतो.

दुसरी तक्रार शेजारच्या काकांनी केली, ती सरळ जमिनीवर येऊन. वजनदार माणूस. मांडी घालून बसले होते, मोबाइलचा चार्जर डावीकडे मागे पडला, तो घ्यायला वळले आणि खुर्चीसकट कलंडले. लागलं नाही. ते हसले, मी हसलो नाही. गणित मी आधी केलं होतं, पण सरळ बसलेल्या माणसासाठी. पुढच्या दोन पायांत चोवीस इंच अंतर, मागचा पाय बावीस इंच मागे. शरीराचा भार साधारण मधोमध, म्हणजे पुढच्या पायांपासून अकरा इंचांवर येतो. चौकोनी खुर्चीत तिथं दोन्ही बाजूंना बारा-बारा इंच आधार असतो. त्रिकोणात फक्त सहा. आणि माणूस मागे झुकत जाईल तसा त्रिकोण चिंचोळा होत जातो. साडेसोळा इंचांवर जेमतेम तीन उरतात. काका तिथंच गेले.

तेव्हा चौथा पाय मागणारे शेवटी बरोबरच होते की, असं तुम्ही म्हणाल. माझ्या मते नव्हते. त्यांनी पाय मोजले होते, काकांनी त्रिकोण मोजला. त्रिकोण मोठा करता येतो.

डोळ्यांची तक्रार आणि शरीराची तक्रार यांतला फरक मला इतका महत्त्वाचा का वाटतो, तर पहिली काळावर सोडता येते, दुसरी नाही. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांचं उदाहरण आमच्या धंद्यात नेहमी निघतं. चौदाव्या वर्षी सुताराच्या हाताखाली शिकायला लागलेला हा माणूस. 1963 साली त्यांनी वाकवलेल्या प्लायवूडची, पंखासारख्या बैठकीची तीन पायांची खुर्ची केली. थोड्या नगांनंतर ती बाजूला पडली. 1998 साली ती पुन्हा उत्पादनात आली, तेव्हा वेग्नर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, आणि आज ती त्यांच्या सर्वांत ओळखीच्या खुर्च्यांपैकी एक आहे. खुर्ची तीच, मधल्या पस्तीस वर्षांत डोळे बदलले. उलट आर्ने जेकबसेन यांची 1952 ची 'मुंगी' बघा. एका कंपनीच्या कॅन्टीनसाठी केलेली, तीन पायांची. जेकबसेन तीनवर अडून राहिले. 1971 साली ते गेले आणि चार पायांची मुंगी त्यानंतर बाजारात आली. मला स्वतःला तीन पायांचीच आवडते, पण कॅन्टीनमध्ये बाजूला वाकून गप्पा मारणाऱ्यांना कुठली दिली असती, असं विचाराल तर मी चाराचीच देईन. म्हणजे अडून राहणं हा गुण की दोष, हे कोण तक्रार करतंय त्यावर ठरतं.

त्या डॅनिश मंडळींचा मला एका गोष्टीसाठी हेवा वाटतो. कोपनहेगनला सुतारांच्या संघाचं प्रदर्शन 1927 पासून 1966 पर्यंत दरवर्षी भरायचं. डिझायनर आणि कारागीर जोडीनं काम मांडायचे, लोक बघायला यायचे, वर्तमानपत्रांत टीका यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहावं लागायचं. वेग्नर यांच्या 1949 च्या गोल खुर्चीत पाठीचा सांधा झाकायला आधी वेत गुंडाळलेला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी तो सांधा नागमोडी दातांचा करून उघडा ठेवला. आपल्याकडे प्रदर्शनं होतात ती विक्रीची. तिथं 'छान' आणि 'कितीला?' यांच्यामध्ये काही ऐकू येत नाही.

माझ्या कारखान्यात ती जागा आमचे मिस्त्री भरून काढतात. वाई भागातले, बैलगाडीची चाकं करणाऱ्या घरातले. पहिला नमुना तयार झाला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. चहा संपवला, खुर्ची उचलली आणि उलटी केली. गिऱ्हाईक खुर्ची वरून बघतं, सुतार खालून. दोन्ही अंगठे मागच्या पायाच्या सांध्यावर दाबले आणि म्हणाले, "दादा, हा निघाला तर बसवायचा कुणी?"

"मी बसवीन ना."

"तुम्ही नसाल तवा?"

पायाला मी सरळ गोल कुसू करून, आरपार भोकात बसवून वरून पाचर मारली होती. पाचर बैठकीच्या रेषांना आडवी, म्हणजे फळी चिरत नाही. पुस्तकात दाखवतात तसंच चोख काम. पण तिरक्या पायाच्या सांध्यावर प्रत्येक बसण्याबरोबर पीळ येतो, आणि पुण्यातला कोरडा उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात लाकूड रेषांच्या आडव्या अंगानं फुगतं-आकसतं. दोन-तीन वर्षांत पाचर ढिली पडणार, हे त्यांच्या अंगठ्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी सुचवलं की कुसू निमुळती करा, भोकही तसंच निमुळतं. मग बसणाऱ्याच्या वजनानंच सांधा दरवेळी थोडा घट्ट होईल, आणि कधी ढिला झालाच तर कुठल्याही गावातला सुतार मोगरीच्या दोन ठोक्यांत तो बसवील. गाडीच्या चाकात धाव तापवून चढवतात, ती थंड होताना आवळते आणि आरे तुंब्यात दाबले जातात. सांधा ओझ्यानं आवळला पाहिजे, ही अक्कल त्यांच्याकडे तिथून आलेली. मला डिझाइनवर मिळालेल्या सगळ्या अभिप्रायांत हा एकच असा की ज्यात प्रश्न, कारण आणि उपाय तिन्ही एकत्र आले. आणि 'चौथा पाय' हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही.

दुसऱ्या नमुन्यात पुढचे पाय अठ्ठावीस इंचांवर पसरले आणि मागचा अठ्ठावीस इंच मागे नेला. कडेचा आधार सहावरून साडेआठ इंच झाला. काकांना पुन्हा बसवलं, चार्जर मुद्दाम मागे टाकला. कलंडले नाहीत. बाजूला आखूड हात लावले, मांडीच्या मागे संपणारे. उंची चौदाच ठेवली, कारण दिसायला ती मला फार आवडत होती. ही खुर्ची मी साताऱ्याला आत्याकडे महिनाभर ठेवायला दिली.

लोटा कुणी डिझाइन केला असा प्रश्न डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांना 1958 सालच्या त्यांच्या भारताबद्दलच्या अहवालात पडला होता. त्यांच्या लेखी तो एका माणसाचा नाही, पिढ्यान्‌पिढ्या हाताळून घडलेला. माझ्याकडे पिढ्या नाहीत. आत्या आहे.

फोनवर ती म्हणायची, "अरे, फार छान आहे खुर्ची. सगळे विचारतात." महिन्यानं गेलो तर खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, त्यावर इस्त्रीचे, सर्वांत वर पंचांग. ज्या खुर्चीवर कुणी बसत नाही तिचं आपल्या घरात कपाट होतं. याहून प्रामाणिक शेरा मला कुठल्या परीक्षकानं दिलेला नाही. मी घड्या उचलायला लागलो तर आत्या ओशाळली, "अरे, तेवढ्यापुरतं ठेवलं होतं." चहा घेता घेता मग हळूच कळलं की मागे बाहेर आलेल्या पायाला तिला दोनदा ठेच लागली होती, म्हणून खुर्ची भिंतीला लागून कोपऱ्यात गेली. आणि कोपऱ्यातून, चौदा इंचांवरून, उठायला नको वाटायचं. हे तिनं सांगितलं नव्हतं, कारण मी केलेली वस्तू होती. माया हा अभिप्रायातला सर्वांत मोठा अडसर आहे. परक्याचा खोटेपणा निदान पटकन ओळखू येतो.

तिसऱ्या नमुन्यात पाठ जरा जास्त कलती केली आणि मागचा पाय दोन इंच आत घेतला. आता तो पाठीच्या वरच्या कडेच्या सावलीतच येतो, तिथून कुणी चालत नाही. अंतर सव्वीस, कडेचा आधार आठ इंच. अर्धा इंच गेला, काका टिकले. हात दोन बोटं पुढे आणले. मिस्त्रींची निमुळती कुसू तिन्ही पायांना. आणि उंची मनावर दगड ठेवून पंधरा.

ती खुर्ची गणपतीनंतर आत्याकडे नेऊन ठेवली. फोनवर काही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात फराळाचं सामान पोचवायच्या निमित्तानं गेलो. खुर्ची देवघराच्या दाराशी होती, कपडे नव्हते, बाजूला चष्मा आणि पोथी. बैठकीवर मात्र तिनं जुन्या गोधडीची चौपदरी घडी घातलेली. आत्या स्वयंपाकघरात असताना मी खिशातला टेप काढला, गोधडीवर बसून ती दाबली आणि मोजली. पाऊण इंच भरली.

चौथा नमुना पावणेसोळा इंचांचा आहे. पाय तीनच.