ओढायचा रंधा

कोबे म्हटलं की लोकांना बीफ आठवतं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे तो विषयच संपला! ओसाकातल्या प्रोजेक्टवर असताना एक शनिवार मोकळा मिळाला आणि शिन-कोबे स्टेशनवर उतरलो. तिथून चार पावलांवर ताकेनाका कार्पेंट्री टूल्स म्युझियम आहे. १९८४मध्ये सुरू झालेलं, २०१४पासून या देखण्या इमारतीत. (सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा.)

आता सुताराच्या मुलाने सुट्टीच्या दिवशी हत्यारं बघायला जायचं म्हणजे कमालच. बाबांच्या रंध्याला मी कधी हात लावला नाही. कॉलेजात तर ‘बाबा फर्निचरच्या बिझनेसमध्ये आहेत’ असं सांगायचो. पण इथल्या रंध्यांपुढून पाय निघेना.

तसा रंधा जुनाच. इसवी सन ७९मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईतही सापडलाय. जपानमध्ये मात्र ठोकळ्यात पातं बसवलेला रंधा रुळला तो १५व्या शतकाच्या आसपास. तोवर सरळ रेषांचं लाकूड पाचरी ठोकून उभं फाडायचं, वाकसाने तासायचं आणि वरून ‘यारीगान्ना’ फिरवायचा. हे दिसतं भाल्याच्या पात्यासारखं. त्याने लाकूड आरशासारखं सपाट होत नाही, अंगावर पानांच्या आकाराच्या बारीक लाटा उठतात. पुढे मोठी करवत आली, फळ्या कापल्या जाऊ लागल्या, त्यांना ठोकळ्याचा रंधाच सोयीचा पडला. यारीगान्ना विस्मरणात गेला. विसाव्या शतकात निशिओका त्सुनेकाझू या मंदिरं बांधणाऱ्या सुताराने तो पुन्हा हातात घेतला, नाराजवळच्या होर्यूजीच्या सुमारे १३०० वर्षं जुन्या लाकडावरच्या खुणा वाचून!

आणि गंमत म्हणजे जपानी रंधा ढकलत नाहीत, अंगाकडे ओढतात. स्टॅनली कंपनीने १८६९मध्ये लिओनार्ड बेलीचा धंदा घेतला आणि स्क्रूवर पातं सरकवणारे लोखंडी रंधे जगभर नेले. इथे अजून हातोडीच. पात्यावर टकटक केली की ते खाली, ठोकळ्यावर केली की वर. एवढ्यावर हे लोक स्पर्धेत १० मायक्रॉनपेक्षाही पातळ सालपट काढतात. आपला केस साधारण ७०चा.

फोटो बाबांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर : ‘ओढताना कोपर कुठे ठेवतात?’

परत आत गेलो, बघायला.