कडेवरचे नाव

धर्मगुरूलाही एखादा छंद असावा, असे आमचे सेमिनरीतील गुरुजन आग्रहाने सांगत. कोणी तिकिटे जमवीत, कोणी बागेत रमत, कोणी पेटीवर बोटे फिरवीत. माझा छंद ऐकला की मात्र ऐकणारा क्षणभर माझ्या झग्याकडे पाहतो आणि मग माझ्या चेहऱ्याकडे. मी युद्धकाळातील लष्करी वस्तू जमवितो. पदके, त्यांच्या रंगीत फिती, पलटणीचे बिल्ले, गणवेशाची पितळी बटणे, सैनिकांची घरी आलेली पत्रे, सेवापुस्तिका आणि तोफगोळ्याच्या रिकाम्या पुंगळीपासून घडविलेली एक फुलदाणी, एवढाच माझा संसार. तो एका पत्र्याच्या पेटीत मावतो.

'शांतीच्या राजपुत्राचे तुम्ही सेवक, मग ही युद्धाची अडगळ कशाला?' असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखप्रपंच.

या छंदाचे बीज पुण्यात पडले. सेमिनरीत असताना सुट्टीच्या दिवशी आम्ही खडकीच्या युद्धस्मशानभूमीकडे फिरायला जात असू. एकसारखे दगड, एकसारख्या ओळी आणि प्रत्येक दगडावर नाव, पलटण, वय. एकोणीस, बावीस, चोवीस. आमचीही वये तीच होती. त्या ओळींतून चालताना मी ती नावे मोठ्याने वाचू लागलो. ती सवय आजतागायत सुटलेली नाही.

पुढे नेमणूक खानदेशात झाली आणि ध्यानात आले की येथील मातीतही फौजेच्या खुणा आहेत. धरणगावला १८२५ साली जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. पहिल्या महायुद्धात मुंबई इलाख्यातून हजारो माणसे समुद्रापार गेली; कोणी शिपाई म्हणून, कोणी खेचरे हाकायला, कोणी ओझी वाहायला. महार समाजाला लष्कराचे दार बरीच वर्षे बंद होते. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ पर्यंत मोडलीही गेली. दुसऱ्या महायुद्धात फौजांच्या गाड्या भुसावळ जंक्शनवरून जात. त्या वेळी रेल्वेत असलेल्या गोवेकर व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या कपाटांत अजून एखादे पदक, एखादा गणवेशातील फोटो सापडतो. आजही वरणगावच्या सरकारी कारखान्यात काडतुसे तयार होतात. तेव्हा युद्ध आमच्यापासून दूर आहे, असे खानदेशी माणसाने म्हणू नये.

धुळ्यात राहणाऱ्याला संग्रहाचा धडा शिकायला लांब जावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांची दप्तरे आजही सांभाळून आहे. गावोगाव पायपीट करून, माळ्यांवरची आणि अडगळीतली कागदपत्रे त्यांनी वाचविली आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड छापून काढली. ज्याला घरचे लोक रद्दी म्हणत होते त्यात राजवाड्यांना माणसे दिसत होती. माझा छंद त्यांच्या तपश्चर्येपुढे धुळीएवढा आहे. पण दृष्टी त्यांच्याकडून उसनी घेतलेली आहे.

आता पदकाविषयी थोडे सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर जे सर्वसाधारण ब्रिटिश युद्धपदक देण्यात आले, ते चांदीचे होते. सुमारे ६५ लाख पदके वाटली गेली. वजन पावणेतीन तोळ्यांच्या आसपास. एका बाजूला बादशहा पंचम जॉर्ज यांचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला घोड्यावर स्वार झालेला एक वीर. तो संत जॉर्ज होय. घोड्याच्या टापांखाली शत्रूची गरुडचिन्हाची ढाल आणि मृत्यूची कवटी तुडविली जात आहे. मजूर तुकड्यांतील लोकांना, म्हणजे चिनी, माल्टी आणि आपल्याकडील ओझेवाल्यांना, हेच पदक ब्राँझचे मिळाले. मरणाने भेद केला नव्हता; तो टांकसाळीने केला.

परंतु पदकाचे खरे मोल ना त्या चित्रात, ना त्या धातूत. ते त्याच्या कडेवर असते. पदक आडवे धरून उजेडात फिरविले की बारीक रोमन अक्षरे दिसतात: सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. कोणा कारकुनाने ऐकून लिहिलेले ते नाव बहुधा मोडकेतोडके असते. पण लाखो पदकांमध्ये ते पदक फक्त एका माणसाचे असते. ते नाव घासून गेले की उरते ती केवळ चांदी.

आणि चांदीची वाट जळगावात ठरलेली आहे. येथील सराफ बाजाराची ख्याती मी वाचकांना सांगायला नको. अडचणीच्या वर्षी शेतकरी घरातले तोडे, वाळे, करदोडे घेऊन याच बाजाराच्या पायऱ्या चढतो. मोडीत आलेली चांदी मुशीत जाते. १९८० च्या जानेवारीत जगभर चांदीचा भाव आकाशाला भिडला, तेव्हा ठिकठिकाणी अशी असंख्य पदके आटविली गेली. मुशीत सगळी चांदी सारखी. त्यात नाव वितळायला निराळा वेळ लागत नाही.

एका सराफाशी माझा चांगला परिचय आहे. अक्षरे असलेली वस्तू मोडीत आली तर आटविण्यापूर्वी मला निरोप द्यायचा, असे आमचे ठरलेले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापसाचा घास घेतला. त्या हिवाळ्यात त्यांचा निरोप आला. पैंजणांच्या एका जोडासोबत एक पदक आले होते. मी चांदीच्या भावाने हजार-बाराशे रुपये मोजून ते घेतले. कडेवरचे नाव शाबूत होते, मराठा पलटणीचा आकडाही. पहिल्या महायुद्धातल्या अनेक मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. तेथेच कूत येथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली आणि सुमारे १३,००० सैनिक कैदेत गेले. हा माणूस नेमका कोठे होता, हे पदक सांगत नाही. तो जिवंत परतला एवढे मात्र घरच्यांकडून पुढे कळले.

सराफाने गाव सांगितले आणि मी पदक खिशात घालून निघालो. धरणगाव तालुक्यातले दोन खोल्यांचे घर. पदक विकणारा गृहस्थ त्या शिपायाचा नातू. मी पोलिसी चौकशीला आलो की काय, अशा शंकेने तो आधी बिचकला. त्याची ऐंशी ओलांडलेली आई ओट्यावर बसली होती. मी पदक तिच्या तळहातावर ठेवले. तिने ते न पाहता नुसत्या बोटांनी ओळखले.

"हाऊ मना सासराना बिल्ला शे, भाऊ," ती म्हणाली.

इतकी वर्षे तो बिल्ला त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी उभा होता. घोड्यावरचा देव आणि घोड्यावरचा संत. घराने दोघांना एकाच आसनावर बसविले होते. कापूस गेला तेव्हा मुलाने टाकाला हात लावला नाही. बिल्ला मात्र पैंजणांबरोबर नेला. म्हातारीने त्याला एक शब्दही दुखावला नव्हता. घरात नातीची फी भरायची होती.

मग तिने माझ्याकडे एक मागणे केले. "त्यावर काय लिखेल शे, ते वाची दखाडा."

मला वाटले तिला अक्षरओळख नसल्याने ती सांगत असावी. ते खरेच होते, पण एवढेच नव्हते. आपल्याकडे सून सासऱ्याचे नाव घेत नाही. साठ वर्षे त्या घरात राहून तिने ते नाव एकदाही उच्चारलेले नव्हते. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. नातवंडांना पणजोबा म्हणजे 'पलटणवाले बाबा', इतकेच ठाऊक. त्या घरात ते नाव उच्चारण्याची मोकळीक असलेले जवळजवळ कोणी उरले नव्हते. ते कडेवर तेवढे जिवंत होते.

मी क्रमांकापासून पलटणीपर्यंत सगळे मोठ्याने वाचले. खडकीला वाचीत असे तसेच. म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. दारात उभ्या असलेल्या नातीने ते नाव पुन्हा विचारले आणि वहीत लिहून घेतले. ते नाव मी येथे लिहीत नाही. ते त्या घराचे आहे.

पदकाचे काय करायचे, हा प्रश्न माझ्यापुढे होता. संग्राहकाचे मन चतुर असते. ते म्हणाले, 'तुझ्या पेटीत हे सुरक्षित राहील. येथे ठेवलेस तर पुढच्या दुष्काळात पुन्हा सराफाकडे जाईल, आणि त्या दिवशी तू नसशील.' हा युक्तिवाद खोटा नव्हता. जगातील थोरामोठ्या वस्तुसंग्रहालयांचा युक्तिवाद यापेक्षा निराळा नाही. पण संग्रह आणि परिग्रह यांत एका अक्षरजोडीचे अंतर आहे. दुसऱ्याची आठवण राखण्यासाठी वस्तू सांभाळणे हा संग्रह. आठवण ज्याची आहे त्याच्या हातून ती काढून घेणे हा परिग्रह. मी कडेवर पातळ कागद धरून पेन्सिलीने अक्षरांचा ठसा उमटवून घेतला आणि पदक देव्हाऱ्यात परत ठेवायला सांगितले. नातू पैसे देऊ लागला; ते पुढच्या हंगामावर सोडले. ते पदक आज तेथे आहे की नाही, हे पाहायला मी गेलेलो नाही. वहीतले नाव तर सराफ आटवू शकत नाही.

त्या दिवशी परतीच्या एस्.टी.त मला संत मार्टिनची आठवण झाली. तो रोमन सैनिक होता. आमियाँ शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला पाहून त्याने तरवारीने आपला झगा दुभंगला आणि अर्धा त्याला दिला. उरलेला अर्धा झगा पुढे फ्रँक राजांनी पवित्र अवशेष म्हणून जतन केला. लॅटिनमध्ये त्या झग्याला 'काप्पा' म्हणत. तो जेथे ठेवीत त्या जागेला 'काप्पेला' आणि त्याच्या रक्षकाला 'काप्पेलानुस' असे नाव पडले. आपण ज्याला चॅपल म्हणतो आणि ज्याला चॅप्लेन म्हणतो, ते दोन्ही शब्द तेथून आले. म्हणजे एका शिपायाच्या कपड्याचा तुकडा सांभाळणे हे आमच्या पेशाचे एक मूळच आहे! राजांनी तो झगा विजयासाठी रणांगणावर मिरविला, हेही खरे. पण ख्रिस्तसभेने लक्षात ठेवले ते दान. या संताचा सण ११ नोव्हेंबरला येतो. १९१८ साली महायुद्धाच्या तोफा थंडावल्या त्या याच तारखेला.

त्याच महायुद्धाची आणखी एक खूण आपण दरवर्षी पाहतो, पण ओळखत नाही. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मृतिदिनी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे. ही मुभा साऱ्या ख्रिस्तसभेला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १० ऑगस्ट १९१५ रोजी दिली. युरोपात रोज इतके तरुण मरत होते की त्यांच्यासाठी प्रार्थना करायला वेद्या अपुऱ्या पडत होत्या. मृतांसाठी प्रार्थना करताना आपण नाव घेतो, आकडा सांगत नाही. साम्राज्याने मात्र कित्येकदा आकडाच सांगितला. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांतून संगमरवरी पाट्या आढळतात: या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. नावे नाहीत. इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांची केवळ संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली ही विषमता जाहीरपणे मान्य करून क्षमा मागितली. शंभर वर्षे लागली.

म्हणून आमच्या धर्मग्रामातील तरुण जेव्हा 'फादर, मलाही हा छंद लावा' म्हणतात, तेव्हा मी त्यांना थोडे नियम सांगतो. जिवंत काडतूस जवळ बाळगू नका. परवान्याशिवाय तो शस्त्रास्त्र कायद्याने गुन्हा आहे, मग ते आजोबांचे का असेना. क्रूरतेची चिन्हे शोभेसाठी मिरवू नका. पदक चिंच किंवा राख लावून घासू नका; चकाकी येते आणि अक्षरे जातात. फीत आणि कागद वेगळे करू नका. आणि वस्तू विकत घेण्याआधी विचारा: हिचे घर अजून आहे का?

लोयोलाच्या संत इग्नेशियसने १५२२ साली आपली तरवार माँतसेरातच्या मातेच्या वेदीवर ठेवली आणि तो मोकळा झाला. माझ्या पेटीतील ती फुलदाणीही ईस्टरच्या दिवशी वेदीवर जाते. जिच्यातून कधी काळी मृत्यू निघाला, तिच्यात निशिगंधाच्या काड्या उभ्या राहतात. मुले तिच्यावरचे आकडे वाचायला धडपडतात. मी त्यांना वाचू देतो.

माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. घराची आवराआवर करताना पत्र्याची जुनी पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. एखादा बिल्ला सापडला तर तो उजेडात आडवा धरा, कडेवर काय लिहिले आहे ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि घरच्या वहीत उतरवून ठेवा. येत्या २ नोव्हेंबरला मृतांच्या यादीत ते नाव लिहून द्या. तो कोणत्या बादशहासाठी लढला, हे आपल्याला विचारायचे नाही. तिसऱ्या मिस्सेपर्यंत यादी लांबली तरी चालेल. मी सगळी नावे वाचीन.