डिंगची सुरी आणि 1440

च्वांग त्झू हा चीनमधला इ.स.पू. चौथ्या शतकातला ताओवादी तत्त्वज्ञ. त्याच्या नावाच्या ग्रंथात डिंग नावाच्या आचाऱ्याची गोष्ट आहे. साधा आचारी हाडांवर घाव घालतो, त्याला दर महिन्याला नवी सुरी लागते. बरा असेल त्याची वर्षभर टिकते. डिंगची मात्र 19 वर्षं झाली, हजारो बैल कापून झाले, तरी धार जशीच्या तशी. कारण तो सांध्यांतली फट शोधतो आणि पातं तिथूनच नेतो.

नोकरीला लागलो तेव्हा ही गोष्ट मी छापून डेस्कवर चिकटवली होती. माझा अर्थ सोपा होता: कोड असा हवा की सुरी सुळकन जावी. मग काय, दिसेल ते खरखरीत तासायचं!

त्याच भरात एका कारखान्याच्या हजेरी-पगाराच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मला एक ओळ दिसली. मिनिटांची वजाबाकी ऋण आली तर तिच्यात 1440 मिळवायचे. कॉमेंट नाही, काही नाही. ऋण तास कोण भरणार? काढून टाकली. टेस्ट केलं, चाललं. (टेस्टचा डेटा सगळा डे शिफ्टचा, हे नंतर लक्षात आलं.)

पगाराच्या दुसऱ्या दिवशी तिथे गेलो होतो. गेटवरचे वॉचमन काका हळूच म्हणाले, "साहेब, माझ्या सगळ्या नाइट गैरहजर दाखवल्यात. मी तर आलो होतो."

रात्री दहा म्हणजे 1320 वं मिनिट, सकाळी सहा म्हणजे 360 वं. वजाबाकी उणे 960. त्यात 1440 मिळवले की 480, म्हणजे बरोब्बर आठ तास. मी ते काढल्यावर काकांची पूर्ण रात्र शून्य झाली होती. "काका, चूक माझीच आहे," एवढंच बोलता आलं. फरकाचे पैसे चार दिवसांनी मिळाले. त्या चार दिवसांत त्यांनी काय केलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी येऊन गोष्ट परत वाचली. च्यायला, अर्धी मी वाचलीच नव्हती! डिंग पुढे सांगतो की गुंतागुंतीचा सांधा आला की तो सावध होतो, नजर रोखतो, हात मंद करतो आणि सुरी अगदी जराशी हलवतो. मी नेमका तिथेच वेग वाढवला होता.

अर्थात ही उपमा फार ताणण्यात अर्थ नाही. डिंगचा बैल मेलेला असतो, आपला चालता असतो. शिवाय बैलाचे सांधे निसर्गाने केलेत, कोडचे कुणीतरी रात्री दोन वाजता कंटाळून केलेले असतात :)

असो. आता विचित्र ओळ दिसली की ती का आहे ते कळेपर्यंत मी हात लावत नाही. मॅनेजर विचारतो, "दिवसभर काय केलंस?" "वाचलं," म्हणतो. त्याला ते आवडत नाही. सध्या एका फाइलमध्ये असाच एक 37 सापडलाय. दोन आठवडे झाले, अजून तिथेच आहे.